चिकलठाण्याचं लुगडं

रामकिसनचा फोन आला तेव्हा दमयंतीबाई पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. निवृत्त हेडबाई, त्यात लग्न न केलेल्या. सकाळी शब्दकोड्याशी आणि नंतर दिवसभर गल्लीशी भांडायचं, असा त्यांचा नेम. फोनवर रामकिसन करमाडहून बोलत होता. "मावशी, आई गेली. पहाटंच." मग थोडं थांबून म्हणाला, "ऊन कललं की उचलू म्हणतेत. चिकलठाण्याला मामाकडं निरोप धाडलाय. बघू."

"बघू काय? येईल तो," दमयंतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. येईल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

आधी त्यांना राग आला तो द्वारकेचाच. प्रत्येक गोष्टीत आपल्याआधी पळायचं, हा तिचा शाळेपासूनचा अवगुण. लग्न आधी, पोरं आधी, पांढरे केस आधी, आणि आता हेही आधी. निदान सांगून तरी जावं माणसानं! मग आठवलं, की सांगितलं होतं. दवाखान्यात, हात धरून सांगितलं होतं. दमयंतीबाई उठल्या आणि कपाटातून पर्स काढली.

ही दोघींची शाळा म्हणजे पोलीस ॲक्शननंतरची गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांमधून उर्दू जाऊन मराठी येत होती आणि औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईमागच्या गल्लीत मुलींची मराठी शाळा नव्यानं उघडली होती. दमयंतीचे वडील कचेरीत कारकून. त्यांनी लेकीचं नाव पहिल्याच दिवशी घातलं. द्वारकेचं नाव मात्र कुणी घातलं नाही, ते आपोआप पडलं.

तिचे वडील सांडूनाना चिकलठाण्याचे. आपल्या मळ्यातली भाजी बैलगाडीत घालून पहाटे निघायचे आणि मंडईत आणायचे. बायको बाळंतपणात गेलेली. तान्हा बद्रीनाथ आत्याकडं असायचा आणि ही पोरगी गाडीवर. मंडईत ती स्वस्थ बसेल तर शपथ. कुणाच्या शेळीला कोथिंबीर चार, कुणाच्या तराजूत बसून बघ, असले उद्योग. एका सकाळी वैतागून सांडूनानांनी तिला मागच्या गल्लीत नेलं, शाळेच्या दारात उभं केलं आणि बाईंना म्हणाले, "बाई, हिला जरा धरा. माल खपला की नेतो."

बाईंनी धरली ती सातवीपर्यंत.

पण शिकणं सगळं मंडईच्या हाती. माल लवकर खपला की सांडूनाना गाडी जुंपून शाळेसमोर यायचे आणि रस्त्यातूनच आरोळी ठोकायचे, "द्वारके, चल गं! माल खपला!" मग वर्गात अपूर्णांक चालू असोत की शिवाजी महाराज आग्र्याच्या पेटाऱ्यात असोत, द्वारका पाटी उचलून चालू पडायची. बाई ओरडायच्या, पण बाहेर बैलांनी अडवून धरलेली अख्खी गल्ली त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत असायची. भेंडीला भाव आला की द्वारकेचं इतिहासाचं नुकसान, आणि वांगी पडून राहिली की तिचं गणित पुढं जायचं. महाराज आग्र्याहून सुटले हे तिला मोठ्या सुट्टीत दमयंतीकडूनच कळलं.

आणि मग एका हिवाळ्यात माल खपेनासाच झाला. सांडूनाना दुपारपर्यंत मंडईत बसून. वांगी चांगली, भाव बरा, गिऱ्हाईकही येतंय, तरी रोज गाडीत एक टोपली शिल्लकच. बिचाऱ्यांना वाटलं कुणाची नजर लागली. गाडीच्या धुऱ्याला लिंबू-मिरची बांधली. शेवटी एक दिवस बैलांना टाकायला कडबा उचलला, तर खाली झाकून ठेवलेली टोपली. मळ्यातून निघतानाच द्वारका रोज एक टोपली कडब्याखाली दडवायची आणि मोठ्या सुट्टीत मंडईत पळत येऊन हळूच काढून वर ठेवायची. त्या दिवशी वर ठेवायची राहून गेली होती.

सांडूनाना टोपली तशीच उचलून शाळेत आले. आता पोरीला बदडणार, असं सगळ्यांना वाटलं. दमयंतीनं तर डोळे मिटून घेतले. सांडूनानांनी टोपली बाईंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "ही घ्या बाई, तुमची फी." आणि निघून गेले. त्या दिवसानंतर माल कितीही लवकर खपो, सांडूनानांची आरोळी शाळा सुटल्याशिवाय कधी आली नाही. मंडईतल्या हॉटेलात चहा-बिडी करत बसून राहायचे. बाईंच्या घरी त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ वांगीच झाली असणार.

दमयंती हुशार, पण पक्की भित्री भागूबाई. द्वारका तिच्या बरोबर उलट. आलं मनात की आलं तोंडात. एकदा तपासणीस आले, चांगल्या झुपकेदार मिशांचे. बाईंनी मोठ्या ऐटीत दमयंतीला उभं केलं, कारण दिडकीचा पाढा तिच्याइतका झरझर कुणालाच यायचा नाही. दमयंतीनं वर पाहिलं आणि तिची वाचाच बसली. बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून आवाज आला, "सायेब, तिला लई येतंय. तुमच्या मिशा बघून भ्याली ती. तिकडं तोंड करा ना जरा!" वर्ग फिसकन् हसला. आणि खरी गंमत म्हणजे साहेबांनी खरंच तोंड फिरवलं, खिडकीतून मंडई बघत उभे राहिले आणि दमयंतीनं त्यांच्या पाठीला अख्खा पाढा म्हणून दाखवला. द्वारकेला आगाऊपणाबद्दल तासभर बाकावर उभं केलं. ती तिथं अशी ऐटीत उभी होती, की बक्षीस तिलाच मिळालंय असं वाटावं.

पुढं दमयंतीबाईंनी सगळा जन्म शाळेत काढला, सभा गाजवल्या, शिक्षणाधिकाऱ्यांना तोंडावर चार गोष्टी सुनावल्या. पण उठून उभं राहताना प्रत्येक वेळी एक क्षण घसा कोरडा व्हायचाच. मग मनातल्या मनात त्या समोरच्याला पाठ करून उभं करायच्या आणि बोलायला लागायच्या.

सातवी झाली आणि द्वारकेचं लग्न ठरलं. करमाडच्या काकासाहेबांशी. माणूस लाखात एक, फक्त बोलायचा नाही. द्वारका म्हणायची, "आमच्या घरात भांडण व्हत नाय. येकट्यानं किती भांडावं मानसानं?" दमयंती पुढं शिकली, मास्तरीण झाली. तिच्यासाठी स्थळं आली तशी गेली, मग यायचीच थांबली. त्याचं घरातल्यांना जेवढं वाईट वाटलं तेवढं तिला वाटलं नाही. द्वारका मात्र वर्षानुवर्षं एखादा बिजवर हेरून आणायची. "दमे, ह्याला जिमीन हाये, दात बी हायेत," अशी तिची शिफारस.

दमयंतीबाई हेडबाई झाल्या त्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात संस्थेचे अध्यक्ष बसलेले, गंभीर बोलणं चाललेलं. बाहेर पट्टेवाल्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. "अरे, दमी हाये का आत?"

"कोण दमी?"

"तुमची हेडबाई रे! तिला म्हणावं द्वारकी आलीय हुरडा घेऊन, गरम हाये तवर खा."

पट्टेवाल्याचा चेहरा असा झाला, जणू त्यानं सरकार पडल्याची बातमी ऐकलीय. दमयंतीबाईंनी अध्यक्षांसह हुरडा खाल्ला. शाळेला नवीन वर्गखोल्या मंजूर झाल्या त्या त्या हुरड्यामुळं, असं द्वारकेचं मत होतं आणि ते खोडून काढायला दमयंतीबाईंकडं काही पुरावा नव्हता.

अशी ही हसरी बाई. पण तिच्या आयुष्यात एक गोष्ट अशी झाली, की तिच्यावर ती कधी हसली नाही. तिचं माहेर तुटलं.

झालं असं. बद्रीनाथाचं लग्न झालं, वच्छला घरात आली. पोर गरीब, कामाला वाघ. पण मूलबाळ झालं नाही. सांडूनाना होते तोवर त्यांनी विषय काढू दिला नाही. ते गेले आणि वर्षाच्या आत बद्रीनाथानं दुसरी आणली. कायदा काय म्हणतो ते कायद्याजवळ. गावात कुणी हूं की चूं केलं नाही. वच्छलेला माहेरी जा म्हणाले. माहेरी कुणी उरलं नव्हतं. मग ती बोचकं घेऊन चालत निघाली ती जालन्याच्या रस्त्यानं सरळ करमाडला, नणंदेच्या दारात.

आता नणंद-भावजयीचं जगात कुठं पटलंय? नणंदेनं भावाची बाजू घ्यावी, भावजयीला चार शब्द सुनवावेत आणि परत पाठवावं, अशी रीत. द्वारकेनं बोचकं हातातून घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ आला, अंगणातच उभा राहिला. "हिला ठेवून घेतलीस तर तुला माहेर बंद. राखी न्हाई, दिवाळी न्हाई, काय बी न्हाई."

"बरं," द्वारका म्हणाली. एवढंच. ज्या तोंडात तीळ भिजत नव्हता, त्या तोंडातून त्या दिवशी एवढाच शब्द निघाला.

दमयंतीबाईंनी तिला नंतर विचारलं होतं, "अगं, भाऊ आहे तुझा. एवढं तोडायचं?"

"भाऊ हाये म्हणूनच लाज वाटली ना गं. परका असता तर म्हणले असते, मरू दे."

तेव्हापासून वच्छला करमाडलाच. स्वयंपाकघराची चूल तिची, गोठा तिचा, रामकिसनची लेकरं तिच्याच मांडीवर मोठी झाली. पण कुणी आलं-गेलं की ती मागं सरायची. द्वारका ओरडायची, "वैनी, बोल की काही! काहून मूग गिळून बसती?" वच्छला हसायची आणि आणखी मागं सरायची. कपाळावर मात्र बद्रीनाथाच्या नावाचं कुंकू रोज ठळक लावायची. द्वारकेला ते पटायचं नाही आणि त्याबद्दल ती बोलायचीही नाही.

करमाडहून शहरात यायचं तर एसटी चिकलठाण्यावरूनच येते. द्वारका नेहमी उजवीकडची खिडकी सोडून आतल्या बाजूला बसायची. थांबा आला की पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. तिथला विमानतळ वाढला, मळे गेले, कारखान्यांची धुराडी आली, सांडूनानांच्या विहिरीवर कुणाची तरी तीन मजली इमारत उठली. हे सगळं तिनं इतरांकडून ऐकलं. पाहिलं नाही.

आणि मग गेल्या महिन्यात दवाखान्यात. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं, ते तिला ठाऊक होतं. रामकिसन औषधं आणायला खाली गेला, तेव्हा तिनं दमयंतीबाईंचा हात धरला. "दमे, एक इचारते. हसू नको."

"मी कधी हसले गं तुला?"

"माझ्या अंगावर चिकलठाण्याचं लुगडं पडंल का?"

दमयंतीबाईंना पटकन कळलं नाही. मग कळलं. तिकडं बाई गेली की सासरचे तिला न्हाऊ-माखू घालतात, हिरव्या बांगड्या भरतात, कपाळभर मळवट भरतात. पण सगळ्यात वर अंगावर घालायचं लुगडं माहेरचं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. माहेरचं लुगडं न मिळालेली बाई म्हणजे तिच्या मागं जगात कुणी नाही, असं गाव बघतं. नवऱ्याच्या घरी तिनं राज्य केलेलं असलं तरी.

"मी म्हणायची, काय करायचंय? जाळायचंच ना ते," द्वारका म्हणाली. "पर आता वाटतंय गं. लई वाटतंय."

"मी आणीन," दमयंतीबाई म्हणाल्या. "कसंही करून आणीन. आता गप पड."

तर त्या सकाळी पर्स घेऊन निघालेल्या दमयंतीबाई करमाडला गेल्या नाहीत. रिक्षानं आधी चिकलठाण्याला उतरल्या. बद्रीनाथाचं घर विमानतळाच्या भिंतीजवळ, मागं कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची ओळ. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा झाला होता, दम्यानं छाती वाजत होती. दाढी केलेली, स्वच्छ धोतर नेसलेला. तयार होऊन बसलेल्या माणसासारखा दिसत होता, पण उठत नव्हता.

"निरोप मिळाला?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"मिळाला."

"मग बसलास काय? चल. रिक्षा उभी आहे."

"मला बहीण व्हती बाई. ती मागंच गेली," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "आता कोणाकडं जायचं?"

दमयंतीबाईंचा आवाज चढला. "बद्रीनाथ, नाकाचा शेंबूड सदऱ्याला पुसत तू मंडईत यायचास, तेव्हापासून ओळखते मी तुला. तुला अंगाखांद्यावर खेळवलं तिनं. माझ्याशी हे नाटकातलं बोलू नकोस. बहीण आज गेली आहे, पहाटे. तिच्या अंगावर घालायला लुगडं लागतं, ते कोण नेणार?"

दारातून त्याची दुसरी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीही आता थकली होती. हळूच म्हणाली, "सकाळधरनं म्हणायलेय, जावा. ऐकत न्हाईत."

बद्रीनाथ अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तिथं ती असंल. वच्छला. समद्या गावासमोर तिच्यापुढं कोणतं तोंड घेऊन उभा राहू?"

आता कुठं दमयंतीबाईंना कळलं. इतकी वर्षं हा माणूस बहिणीवर रागावलाय असं सगळे धरून चालले होते. तो घाबरला होता. त्या माणसाची क्षणभर दया आली आणि लगेच ती दया रागात गेली. दवाखान्यात द्वारका जे म्हणाली, ते ह्यानं ऐकलं नव्हतं.

"मग बस खुर्ची धरून," त्या म्हणाल्या आणि पाणी न पिता उतरल्या.

रस्त्यावर येऊन रिक्षा सोडून दिली आणि त्यांनी काय करावं? तिथल्याच कापडाच्या दुकानात शिरल्या आणि हिरवंगार नऊवारी काढायला लावलं. दुकानदारानं विचारलं, "लग्नाला का बाई?" त्यांनी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. मनाशी हिशोब असा केला, की चिकलठाण्याचं लुगडं हवं होतं ना, हे घे चिकलठाण्याचं. मी घेतलं, मी तुझी शाळेपासूनची. माझ्यापेक्षा जुनं माहेर तुझं दुसरं कोणतं? काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून करमाड येईपर्यंत हा हिशोब त्यांना अगदी पक्का वाटत होता.

अंगणात बायका बसल्या होत्या. द्वारकेला आंघोळ घालून झाली होती. बांगड्या हिरव्या, कपाळ लालभडक. दमयंतीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. अशी गप्प द्वारका त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. काकासाहेब ओट्याच्या कोपऱ्यात बसले होते. आजवर बायको बोलायची म्हणून त्यांना गप्प राहणं शोभायचं. आज ते नुसतेच बसलेले दिसत होते.

गावात अशा वेळी ज्यांच्या शब्दाला मान, त्या चतुराबाई उन्हाकडं बघून म्हणाल्या, "माहेरचं कोणी आलं का?"

"मी आणलंय," दमयंतीबाई म्हणाल्या आणि कागदातून लुगडं काढलं.

चतुराबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. बाई मायाळू होत्या, तिरकं बोलल्या नाहीत. "तुम्ही तिच्या मैत्रीण ना? शिकलेल्या. तुमची माया कळती मला. पर हे तसं नसतं बाई. माहेराचं मानूस लागतं. बाप, भाऊ, भाच्चा, भावजय. कापड कुठूनबी आणता येतं, मानूस कुठनं आणावं?"

दमयंतीबाई उभ्या राहिल्या. घसा कोरडा पडला. हेडबाईंनी आयुष्यभर नियमांवर वाद घातले होते आणि बहुतेक जिंकले होते, पण इथं कुणाशी वाद घालणार? भोवती सगळी गप्प बसलेली माणसं आणि मधे द्वारका. दिलेला शब्द हातात घडी घालून तसाच होता. त्यांच्या डोक्यात चतुराबाईंचं वाक्य पुन्हा फिरलं. बाप, भाऊ, भाच्चा. आणि त्या चमकल्या.

"भावजय म्हणालात ना तुम्ही?"

"व्हय. भावजय तर घरचीच. तिचा मान पयला."

दमयंतीबाई वळल्या. वच्छला नेहमीसारखी मागं होती, गोठ्याच्या खांबाला टेकून. पहाटेपासून पाणी तापवणं, सगळ्यांना बसायला टाकणं, रडणाऱ्या लेकरांना धरणं, हे सगळं करून मग मागं सरलेली. सारं गाव तिला इतकी वर्षं ह्याच घरातली धरून चाललं होतं. माहेरची वाट बघणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की माहेर पहाटेपासून चुलीपाशी पाणी तापवतंय. दमयंतीबाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं. चिकलठाण्यात जाऊन त्या खुर्चीवरल्या माणसाच्या विनवण्या करून आल्या होत्या!

"वच्छलाबाई, इकडे या."

वच्छला आली, पदर सावरत. चतुराबाई जरा गोंधळल्या. "अगं पर, हिला तर त्यायनी टाकली. ही आता हिथलीच की."

सगळ्यांना वाटलं आता दमयंतीबाई बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्याआधी वच्छलाच बोलली. आवाज थरथरत होता, पण अंगणभर गेला. "मी हिथली कशी? सोडचिठ्ठी कोणी दिली नाय मला. सांडूनानांनी सून म्हणून मापटं ओलांडून घेतलीय मला घरात. त्या घरची थोरली सून हाये मी. वन्संचं माहेर हाये मी."

काकासाहेब, जे कधी बोलत नसत, ते ओट्यावरून म्हणाले, "बरोबर हाये."

चतुराबाईंनी डोळे पुसले आणि बाजूला सरकून जागा केली. वच्छलेनं दमयंतीबाईंच्या हातातलं लुगडं घेतलं, कपाळाला लावलं. मग उलगडताना एक टोक त्यांच्याकडं दिलं. "धरा बाई. नऊवारी हाये, येकटीला आवरायचं नाय." दोघींनी ते द्वारकेच्या अंगावर घातलं, पायांपासून खांद्यापर्यंत, सुरकुती न ठेवता. वच्छला वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "वन्सं, आलं बरं का चिकलठाण्याचं." दमयंतीबाईंनी नुसता तिच्या गालावरून हात फिरवला. गार गाल.

उचललं तेव्हा ऊन कललं होतं. बायकांनी गावाच्या कडेपर्यंत, रस्त्यापाशी जायचं आणि तिथून माघारी फिरायचं. रस्त्यावर आल्यावर दमयंतीबाईंना थांब्याच्या पलीकडं, लिंबाखाली उभा असलेला माणूस दिसला. स्वच्छ धोतर, छातीवर हात. बद्रीनाथ. हातात काही नव्हतं. कधीचा तिथं उभा होता कोण जाणे. गावात यायची छाती झाली नव्हती. तिरडी जवळ आली तसा तो धडपडत पुढं आला आणि रामकिसनच्या मागच्या माणसाला बाजूला करून त्यानं खांदा दिला. धाप लागली होती, पाय अडखळत होते, पण सोडेना. लहान मुलासारखा मोठ्यानं रडत होता.

दमयंतीबाईंचं डोकं भणाणलं. सकाळी दारात जाऊन सांगितलं तेव्हा ह्याला जड झालं होतं, आणि आता रस्त्यावर येऊन हक्क दाखवतोय! त्या ताडकन पुढं निघाल्या. काय बोलणार होत्या हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. वच्छलेनं त्यांचा हात धरला. ती त्या माणसाकडंच बघत होती, इतक्या वर्षांनी, डोक्यावरचा पदर जरासुद्धा पुढं न ओढता.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "खांदा देऊ द्या त्यायला. भाऊ हाये. लुगडं माझं पोचलंय."

मूग गिळून बसणाऱ्या ह्या बाईला असं बोलायला कुणी शिकवलं, ते दमयंतीबाईंना विचारायची गरज पडली नाही. शिकवणारी समोरून चालली होती, हिरव्या लुगड्यात. त्यांनी वच्छलेचा हात घट्ट धरला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दोघी पोटभर रडल्या.